साठ फुटांवरचा रस

बसमधून उतरताना माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "चिअर्स, ड्राइव्ह!" ड्रायव्हरनं अंगठा वर केला आणि बस निघून गेली. लंडनमध्ये असं कुणी म्हणत नाही. ब्रिस्टलमध्ये मात्र म्हाताऱ्या बायका, शाळेची पोरं, शिफ्ट संपवून घरी निघालेल्या नर्सेस, सगळे उतरताना ड्रायव्हरला आभाराचे हे दोन शब्द देऊन जातात. शिकायला मला तीन महिने लागले होते. विसरायला इतकी वर्षंही पुरली नाहीत, हे आज कळलं.

समोर डाउन्स. नाव डाउन्स, आणि आहे सगळ्या शहराच्या डोक्यावर. मैलभर गवताचं माळरान, एका कडेला खोल दरी आणि दरीच्या तळाशी चहासारखी गढूळ नदी. मे महिना होता. हॉथॉर्नची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. त्या फुलांचा वास लांबून गोड येतो आणि जवळ गेलं की किंचित माशासारखा. तेव्हा माझ्याबरोबर राहणारी सुषमा म्हणायची, या देशात फुलंसुद्धा नीट सुगंधी नाहीत. पण मला तो वास आला आणि माझा डावा तळवा उगाचच हुळहुळला.

मीटिंग लवकर आटपली होती. परतीची ट्रेन चारची. सकाळी मी रसला, माझ्या इथल्या जुन्या मित्राला, मेसेज केला होता, ब्रिस्टलमध्ये आहे, वेळ आहे का? त्याचं उत्तर आलं, दोन वाजता, नेहमीच्या जागी. नेहमीच्या जागी आम्ही शेवटचं भेटलो त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तरी मला जागा विचारावी लागली नाही. रस्त्यापासून आत, दोन हॉथॉर्न शेजारीशेजारी उभे आहेत तिथे. अर्धा तास होता. ओल्या बाकावर कंपनीची फाइल टाकली आणि बसले.

*

दोन हजार पाचमध्ये मी सव्वीस वर्षांची होते. विमानांचे भाग बनवणाऱ्या इथल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर तपासायला पुण्याच्या कंपनीनं मला पाठवलं होतं. मी अमरावतीची, माझ्याबरोबर राहणारी सुषमा नागपूरची. ती एका बँकेत होती. दोघींनी मिळून एका चढावरच्या घराचा वरचा मजला घेतला होता. खिडकी उघडली की शेजारच्यांच्या टोस्टचा वास आत यायचा आणि आमच्या फोडणीचा त्यांच्याकडे जायचा. दोन्हीकडून कधी तक्रार झाली नाही.

आठवडा ऑफिसात निघून जायचा. शनिवार मात्र संपता संपायचा नाही. कपडे धुवायचे, आईला फोन करायचा, मग नुसतं चालत सुटायचं. अशीच एका शनिवारी डाउन्सवर चालत होते आणि कानावर आवाज आला. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्प.

मधली ती शांतता मी ओळखली. कुणी सतरंजी झटकत असतं किंवा खुंटी ठोकत असतं तर आवाज एका लयीत आला असता. हा माणूस थांबत होता. श्वास घेत होता, विचार करत होता, मग फेकत होता. अमरावतीच्या मैदानावर शाळा-कॉलेजची दहा वर्षं, फेकलेला बॉल झेलायला, मी त्या शांततेत उकिडवी बसले होते.

दोन हॉथॉर्नच्या मध्ये दोरी बांधून त्यानं एक जुना गालिचा लटकवला होता. दूरवर रबराचा एक तुकडा जमिनीवर ठेवून तो उभा होता. उंच, खांद्यात रुंद, टोपीखाली कानाशी केस पिकायला लागलेले. पायाशी बॉलनं भरलेली बादली. मी बघत असतानाच एक बॉल गालिच्याला चुकवून गवतातून घरंगळत माझ्याकडे आला. मी उचलला. बेसबॉलचा होता, सॉफ्टबॉलपेक्षा लहान, कडक, लाल टाक्यांचा. मग हातानं जे करायचं ते माझ्या डोक्याला न विचारता केलं. कानाजवळून, मनगट मोडून, सरळ त्याच्या छातीवर फेकला.

त्यानं झेलला आणि तसाच हातात धरून माझ्याकडे चालत आला.

"कुठे शिकलीस हे?"

"अमरावतीला."

"ते कुठल्या स्टेटमध्ये येतं?"

"महाराष्ट्र स्टेट."

त्यानं मान हलवली. अमेरिकेतली सगळी राज्यं पाठ असूनही हे एक कसं राहून गेलं, असा चेहरा होता त्याचा. मी हसायला लागले, मग तोही.

"पोझिशन?"

"कॅचर. चार वेळा स्टेट खेळले, एकदा नॅशनल. सॉफ्टबॉल."

"मिट कुठे आहे तुझा?" मिट म्हणजे झेलायचा जाड कातडी हातमोजा.

"आईच्या घरी. कपाटावर."

"आईला फोन कर," तो म्हणाला.

त्याचं नाव रस. अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका छोट्या गावातला, बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा. सुषमाला सांगितलं तर तिनं विचारलं, "उसाचा का आंब्याचा?" आणि आईला फोनवर सांगितलं, आई, एक पिचर भेटला इथे, व्यावसायिक होता, तर ती पलीकडून म्हणाली, "अगं बाई! कोणत्या पिक्चरमध्ये होता?"

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. पण मी पहिला महिनाभर मनातल्या मनात त्याला तुम्ही म्हणत होते, तो माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा म्हणून. मग कधी तू म्हणायला लागले, ते कळलंच नाही. तो मला पहिल्या दिवसापासून 'कॅच' म्हणायचा. माझं खरं नाव त्याला नीट म्हणता येत नसे.

*

मिट आला तो आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून. तळव्याच्या खोबणीत, जागा वाया जाऊ नये म्हणून, जवसाच्या चटणीची पिशवी कोंबलेली. मी पुडकं डाउन्सवरच उघडलं. रसनं मिट हातात घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"काय लावता तुम्ही याला?"

"खोबरेल तेल."

"आणि हे दुसरं?"

"ती चटणी आहे."

त्यानं चातकासारखं तोंड उघडलं. मी चिमूटभर हातावर दिली. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पिशवी त्यानं परत दिली नाही.

मग मी त्यानं आणलेला मास्क घातला, त्यानं पिचर आणि कॅचरमधले साठ फूट पावलांनी मोजले, आणि मी कितीतरी वर्षांनी उकिडवी बसले. आमच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर खालून फेकतो. हा वरून. त्याचा गुडघा छातीपर्यंत आला, हात मागे गेला, आणि मग बॉल दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. फट्ट! तळव्यातून खांद्यापर्यंत कळ गेली. दरीकडचे सीगल उडाले. माझ्या घशातून ओरडणं आणि हसणं एकदमच निघालं.

"ठीक आहेस ना?" तो लांबून ओरडला.

"आणखी एक!" मी म्हणाले.

ते मे आणि जूनमधले शनिवार मला आजही वासांनी आठवतात. कापलेल्या गवताचा, कातड्याचा, त्याच्या खिशातल्या राळेच्या पुरचुंडीचा. हात घामेजला की तो ती पुरचुंडी बोटांवर आपटायचा आणि पांढरी धूळ उडायची. आइस्क्रीमच्या गाडीचं ते बेसूर संगीत. संध्याकाळी आकाशात निघालेले गरम हवेचे प्रचंड रंगीत फुगे. त्यांच्या शेगडीचा फुर्रर्र आवाज आमच्या डोक्यावरून जायचा आणि टोपलीतली माणसं हात करायची. कधी कधी त्याची बायको हेलन शिफ्ट संपवून यायची. ती इथलीच, हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स. बूट काढून गवतात आडवी व्हायची आणि दोन मिनिटांत झोपायची. त्यांची चार वर्षांची एमी लाल गमबूट घालून आमच्या मागे बॉल गोळा करत फिरायची. ऊन असो की पाऊस, बूट तेच.

रसनं आपली कहाणी मला सलग कधीच सांगितली नाही. दोन फेकींच्या मध्ये, बादली भरता भरता, तुकड्यातुकड्यांनी सांगितली. अठराव्या वर्षी मोठ्या क्लबनं उचललं. गावातल्या पेपरात फोटो आला. मग अकरा वर्षं खालच्या लीगमध्ये. रात्रभर बस, दिवसा मॅच, हायवेवरची मोटेल, त्यांच्या गाद्यांचा सिगारेटचा वास, पीनट बटरचे सँडविच. कुठल्याशा गावी मॅच चालू असताना मैदानावर इतके किडे उतरले की पिचरला बॉल दिसेना. अकरा वर्षांत फक्त एकदा वर बोलावलं गेलं, सगळ्यात वरच्या लीगमध्ये. एकोणीस दिवस.

"कसं होतं?" मी विचारलं होतं.

"टॉवेल," तो म्हणाला. "टॉवेल मऊ होते गं. आणि कितीही घ्या, कुणी मोजत नव्हतं."

मला वाटलं, पुढे काही सांगेल. कुणाला आउट केलं, लोक किती होते. पण तो टॉवेलांवरच थांबला.

मग कोपराचं ऑपरेशन. मग घरी पाठवणं. मग युरोपातल्या लहान लहान क्लबांकडून एकेक सीझन. तिथेच कुठेतरी सुट्टीवर आलेली हेलन भेटली आणि तो ब्रिस्टलला आला. आता लाकडाच्या वखारीत काम करायचा. त्याच्या अंगाला नेहमी ताज्या चिरलेल्या पाइनचा वास असायचा. राळेचा कुठला आणि लाकडाचा कुठला, मला कधी वेगळा करता आला नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं दोनदा सांगितली. "अकरा वर्षांत चार क्लबांनी मला काढलं. एकानंही तोंडावर सांगितलं नाही. एकदा लॉकरवर चिठ्ठी होती. एकदा माझ्या नावाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगात दिसला. एकदा तर बस मला न घेताच गेली." हे सांगताना तो हसत होता.

*

कॅचरला पिचरची बातमी डोळ्यांनी कळत नाही, तळव्यानं कळते. मे-जूनमध्ये सोमवारी मला कीबोर्डवर डावा हात ठेवता येत नसे. तळवा लाल, बोटांची मुळं सुजलेली. ऑफिसातल्या लोकांना मी दारात हात सापडला म्हणून सांगायचे. रविवारच्या भाकरी सुषमाच थापायची, तोंडानं माझा उद्धार करत.

जुलैच्या शेवटी एका रविवारी मी पीठ मळायला घेतलं. सुषमा दारात उभी राहून बघत होती.

"काहून गं, हात नाही दुखत आज?"

मी तळवा उलटा करून पाहिला. पांढराफटक. पीठ मळत राहिले. पण पुढच्या शनिवारी मी लक्ष ठेवलं. गुडघा तसाच वर येत होता. हात तसाच मागे जात होता. बॉल मात्र आता मला दिसत होता, येताना अगदी निवांत दिसत होता, त्याचे टाकेसुद्धा. आणि दोन फेकींच्या मध्ये रस आपला उजवा हात मांडीमागे नेऊन झटकत होता, कुणाला दिसणार नाही असा.

"करंगळी जरा बधिर होते," मी विचारल्यावर तो म्हणाला. "आणि शेजारचं बोट. जुनंच आहे. हेलनला बोलू नकोस, ती नर्स आहे, उगाच मागे लागेल."

मी मान डोलावली. का डोलावली, ते आज सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये हॉलंडहून पत्र आलं. तिथल्या एका क्लबला पुढच्या सीझनसाठी अनुभवी पिचर हवा होता. पगार, राहायला फ्लॅट. सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा माणूस बघायला येणार. रस सदतीस वर्षांचा होता. पत्र त्यानं पाकिटातून इतक्या वेळा काढलं की घड्या पांढऱ्या पडल्या. वखारीच्या मालकाला सांगून टाकलं की फेब्रुवारीपासून मी नसेन.  हेलन मात्र गवतात झोपायला यायची थांबली.

आता आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी आम्ही भेटायला लागलो. तो घामानं निथळायचा. मी बॉल झेलायचे. आणि प्रत्येक वेळी तो लांबून विचारायचा, "कसा होता, कॅच?"

"छान," मी म्हणायचे.

घरी येऊन सुषमाला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"मग सांग ना त्याला."

"मी कोण सांगणारी? मी स्टेट लेव्हलची मुलगी. तो वरच्या लीगमध्ये खेळून आलेला माणूस."

"पण झेलतंय कोण? तू का मी?"

अमरावतीला आमचे सर पिचरच्या आधी कॅचरला मैदानावर बोलवायचे. पिचरचा बॉल चांगला पडतोय का, हे ते मला विचारायचे, तिला नाही. मी पंधरा वर्षांची असतानासुद्धा खरं सांगायचे आणि मैत्रिणी रुसायच्या. पण त्या मैत्रिणींची नोकरी, घर, लहान मूल, असं काही पणाला लागलेलं नसायचं.

*

सप्टेंबरच्या मधला शनिवार. हॉथॉर्नला लाल फळं लागली होती. वारा दरीकडून येत होता, त्याला चिखलाचा आणि समुद्राचा वास. हेलन ड्यूटीवर म्हणून रसनं एमीला बरोबर आणलं होतं. अर्धी बादली फेकून झाल्यावर त्यानं थर्मास उघडला आणि झाकणात माझ्यासाठी चहा ओतला. वाफा निघत होत्या. एमी त्याच्या पायाशी बसून फळं वेचत होती. तो झाकण माझ्याकडे देत होता, माझा हात अजून पोचला नव्हता, आणि झाकण त्याच्या बोटांतून सुटलं.

चहा सगळा एमीच्या गमबुटांवर गेला. बूट होते म्हणून. पायाला, हाताला थेंबही लागला नाही. मी तिला उचलून चार पावलं लांब नेलं, बूट काढले, मोजे चाचपले. कोरडे. ती रडलीसुद्धा नाही. मला म्हणाली, "डॅडीची बोटं परत झोपली."

मी रसकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. परत, ती म्हणाली होती.

एमीला मी लांबच्या बाकाजवळ फळं वेचायला बसवलं, तिच्यावर नजर राहील अशा बेतानं. मग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.  

"रस, बॉल संपलाय."

त्याला वाटलं, बादलीतला. तो वाकून बघायला लागला.

"तुझा बॉल," मी म्हणाले. "त्यात आता काही उरलेलं नाही. माझा हात दुखत नाही. वेगही नाही, वळणही नाही. हॉलंडच्या माणसाला पहिल्या पाच फेकींत कळेल."

तो सरळ उभा राहिला. वाऱ्यानं गालिचा फडफडत होता.

"कधीपासून?"

"जुलै."

"जुलैपासून तू छान म्हणतेयस."

"हो. खोटं बोलत होते. चुकले मी."

 त्यानं बादली उचलली, दोरी सोडली, गालिच्याची गुंडाळी खांद्यावर घेतली, एमीचा हात धरला. डाव्या हातानं धरला. आणि दोघं गाडीकडे निघून गेले. मास्क माझ्या हातातच राहिला.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. शनिवारीही नाही. मी दोन तास झाडाखाली उभी होते. इथला पाऊस वरून पडत नाही, आजूबाजूनं येतो, आणि भिजलो कधी ते समजत नाही. मी त्याला फोन केला नाही. मला सारखं वाटत होतं की पाचवी चिठ्ठी मीच त्याच्या लॉकरवर चिकटवली. सुषमा म्हणाली, तोंडावर सांगितलंस ना, चिठ्ठी कशी होईल? पण माझी समजूत पटेना. त्या दिवसांत जेवणाला चव नव्हती, ऑफिसात टेस्ट चुकत होत्या. आईनं फोनवर विचारलं, "सर्दी झाली का गं?" मी हो म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात दाराची बेल वाजली. हेलन. नर्सच्या कपड्यांवर कोट, हातात क्रम्बलचं भांडं, वर फॉइल. सुषमानं नेमकी तेव्हाच मिरचीची फोडणी टाकली होती. हेलन आत आली आणि खोकायला लागली. खोकता खोकता रडायला लागली. खोकल्याचं पाणी कुठलं आणि रडण्याचं कुठलं, कळेना. सुषमानं गॅस बंद केला, तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"तो गेला डॉक्टरकडे," हेलन म्हणाली. "स्वतःहून. मी सहा वर्षं सांगतेय, कधी गेला नाही. कोपरात नस दाबली गेलीय. डॉक्टर म्हणाले, आणखी एक सीझन खेळला असता तर हात गेलाच असता. बोटं वाकडी होऊन तशीच राहिली असती. कायमची." तिनं आपली दोन बोटं वळवून दाखवली. "नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन आहे. बरं होण्याची शक्यता आहे म्हणतात. अजून वेळ गेलेली नाही."

मी खाली बसले. ओट्याला टेकून, जमिनीवरच.

"आणि हॉलंड?" सुषमानं विचारलं.

"त्यानंच फोन केला. म्हणाला, मी रिटायर झालोय." हेलननं नाक पुसलं. "पुरुष कसा रडतो माहितीये तुला? फोन ठेवला आणि किचनमध्ये उभं राहून दोन तास भांडी घासली. एकही घाण नव्हतं. मग झोपला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. इतकी वर्षं रात्री झोपेत त्याचा हात उडायचा, मला लागायचा. त्या रात्री नाही उडाला."

"माझ्यावर रागावलाय का?"

"लाजलाय," ती म्हणाली. "पोरीला चहा लागला असता, याची लाज. थोडा वेळ दे त्याला."

तिघींनी मिळून तो क्रम्बल भांड्यातूनच खाल्ला. आंबट रुबार्ब, वर भाजलेल्या पिठाचा खरपूस थर. सुषमानं तिच्या वाट्यावर साय घातली. मी तीन आठवड्यांनी पोटभर खाल्लं.

*

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नस हळू वाढते, महिन्याला बोटाच्या पेराएवढी, कधी तेवढीही नाही. संवेदना येईल किंवा येणार नाही. वखारीच्या मालकानं जागा भरली नव्हती, रसला हिशोबाच्या टेबलाशी बसवलं. डिसेंबर गेला. जानेवारीत त्याचं कार्ड आलं, डाव्या हातानं लिहिलेलं, वेडंवाकडं. थँक यू, कॅच. बाकी काही नाही. फेब्रुवारीत आम्ही भेटलो, बॉलशिवाय. डाउन्सवर बर्फाचा पातळ थर होता आणि आम्ही चालत होतो. मध्येच त्यानं करंगळी बर्फात खुपसली आणि मान हलवली. नाही. काही नाही.

मार्चमधल्या एका सकाळी, साडेआठच्या सुमाराला, मी ऑफिसात नुकती कॉम्प्युटर लावत होते. फोन वाजला.

"कॅच! मला चटका बसला!"

"काय?"

"टोस्टर! करंगळीला! अगं, दुखतंय! चांगलंच दुखतंय!"

मागे हेलनचा हसण्याचा आवाज, एमीचं किंचाळणं, नळाचं पाणी. तो माणूस आपल्या भाजलेल्या बोटाचं वर्णन करत होता, फोड कुठे येतोय, किती लाल झालंय, ठणका कसा बसतोय. एकोणीस दिवसांबद्दल तो इतकं कधी बोलला नव्हता. मी डेस्कवर डोकं ठेवलं. शेजारच्या बाईनं विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हणाले, हो, माझ्या मित्राला भाजलंय. तिला ते काही केल्या कळलं नाही.

त्याच वर्षी कंपनीनं मला लंडनला हलवलं. मी वेम्बलीला घर घेतलं, सुषमा लग्न करून नागपूरला गेली, मिट पुन्हा एका कपाटावर गेला. कार्डं येत राहिली. दरवर्षी अक्षर थोडं अधिक सरळ, उजव्या हाताचं.

*

दोन वाजून दहा मिनिटांनी तो आला. पोट सुटलंय, केस सगळे पांढरे. आधी त्यानं मला मिठी मारली, मग दोन पावलं मागे जाऊन नीट बघितलं आणि पुन्हा मारली. हेलन दुपारच्या शिफ्टला होती. एमीनं त्याला सोडलं होतं आणि ती गाडी लावायला जागा शोधत होती. ती आता गाडी चालवते, ही बातमी त्यानं मला तीन वेळा दिली.

आम्ही बाकावर बसलो. वखार आता त्याचीच आहे, अर्धी तरी. हॉथॉर्नची फुलं वाऱ्यानं आमच्या मांडीवर पडत होती. 

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "बरीच वर्षं विचारायचं होतं. त्या दिवशी चहाच्या आधी मी शेवटचा बॉल टाकला ना. तेव्हा मला ठाऊक नव्हतं तो शेवटचा आहे. मी नीट पाहिलासुद्धा नाही. तू पाहिला असशील. कसा होता?"

मला तो बॉल स्वच्छ आठवत होता. मी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. पांढऱ्या भुवयांखाली त्याचे डोळे अगदी निवांत होते.

"वाइड," मी म्हणाले. "हातभर बाहेर. माझ्या आधी जमिनीला लागला. मी आडवी पडून अडवला."

 मग त्याच्या खांद्यातून काहीतरी हलायला लागलं आणि तो हसला. इतका हसला की टोपी पडली, डोळे पुसावे लागले, बाक हलायला लागला. मलाही आवरेना. फिरायला आलेलं एक म्हातारं जोडपं थांबून आमच्याकडे बघायला लागलं.

गवतातून किल्ल्या वाजवत एक उंच मुलगी आली. वडिलांसारखेच खांदे.

"काय झालं? कशाला हसताय एवढं?"

"एमी," तिचा बाप श्वास घेत म्हणाला, "मी तुला आयुष्यभर सांगत आलो ना, माझा शेवटचा बॉल स्ट्राइक होता, अगदी अचूक मधोमध, म्हणून?"

"हो, शंभर वेळा."

"नव्हता," तो म्हणाला, आणि आम्हाला दोघांना पुन्हा हसू फुटलं.